टेकचंद सेठचं रोजचं गिऱ्हाईक

टेकचंद सेठला सकाळी सकाळी शून्य दिसलेलं चालत नसे. उल्हासनगरच्या दुकानात देवांना आणि बापाच्या फोटोला उदबत्ती ओवाळून झाली की तो गादीवर बसायचा, चष्मा कपाळावरून नाकावर ओढायचा आणि फोनमधलं ते ॲप उघडायचा. त्यात त्याला दोन चौकोन दिसत. एक उल्हासनगर, एक अंबरनाथ पूर्व. आज किती ऑर्डरी आल्या, तो आकडा. आता सकाळी दहाला कोण शहाणा सोफा घ्यायला येतो? दोन्हीकडे शून्य. मग सेठचं तोंड कडू, कारागिरांना शिव्या, हमालांना शिव्या, आणि दुपारपर्यंत सगळ्या दुकानाला सुतक.

"सुषमा बेटा, सुबह सुबह मेरेको झीरो मत दिखाओ," त्यानं फोनवर सांगितलं होतं. "पहले बोहनी, फिर धंदा."

सुषमा त्याच्या तिसऱ्या दुकानात बसायची, बदलापुरात खरवईला. ‘सुखसदन फर्निचर’चं हे सगळ्यात नवं आणि सगळ्यात दुर्लक्षित दुकान. तिथे ती, झाडलोट करता करता पलंग विकणारी चंद्री, आणि टेम्पोवाला हिरामण, एवढीच माणसं. पण तिन्ही दुकानांचा कॉम्प्युटर सुषमाच सांभाळायची. बी.कॉम. अर्ध्यावर सुटलेलं, पण रात्रंदिवस व्हिडिओ बघून बघून ती हे शिकली होती. तिन्ही दुकानांची बिलं व्हॉट्सॲपवर यायची, ती अ‍ॅनालिटिक्समध्ये भरायची, आणि ते सॉफ्टवेअर त्यांचे रंगीत तक्ते काढायचं. काम कॉम्प्युटरवालीचं, पगार सेल्सगर्लचा. शिकलेल्या माणसाला हेच काम करायला लावलं असतं तर त्यानं आधी खुर्ची मागितली असती. सुषमा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायची, फर्निचरच्या दुकानात.

तर शून्यावर तिनं इलाज काढला. रोज साडेनऊला दोन्ही दुकानांत एकेक ऑर्डर टाकायची. गिऱ्हाईक लक्ष्मी. वस्तू, सागवानी देव्हारा, मोठा, एक नग. मोबाइल नंबराच्या जागी सेठच्या दुकानाचा जुना लँडलाइन. सेठ दहाला बघायचा, चौकोनात एक दिसायचा, चहा प्यायचा. दिवसभरात खऱ्या ऑर्डरी यायच्या, आणि दुकान बंद करायच्या आधी सुषमा लक्ष्मीला पुसून टाकायची. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. खरवईला लक्ष्मी जात नसे, कारण सेठच्या फोनवर खरवईचा चौकोनच नव्हता. ते दुकान मुलानं काढलेलं. मुलाच्या दुकानाची बोहनी मुलगा बघेल.

मुलगा म्हणजे चेतन. जूनमध्ये तो कुठल्याशा हॉटेलातल्या परिषदेला जाऊन आला आणि आल्या आल्या त्यानं पुण्याहून सोहम नावाचा कन्सल्टंट बोलावला. सोहम गोड बोलायचा आणि फळ्यावर चौकोन काढून त्यांना बाण जोडायचा.

"मॅडम, तुमचं अ‍ॅनालिटिक्स हा आपला सोर्स," तो सुषमाला म्हणाला. "तिथून पाइपलाइन निघणार, रोज अकरा वाजता डेटा उचलणार आणि आमच्या वेअरहाउसमध्ये टाकणार. पुढे एआय ठरवणार कुठे काय विकलं जाईल."

"म्हणजे रोज अकराला माझ्याकडचं सगळं उचलणार?"

"सगळं कशाला? पहिल्या दिवशी सगळं. नंतर फक्त जे नवीन भरलं असेल ते. हलकं काम."

"आणि संध्याकाळी मी काही पुसलं तर?"

सोहम हसला. "मॅडम, डेटा कुणी पुसत नाही."

"मी पुसते."

"चुकीची एंट्री वगैरे? एवढ्यातेवढ्यानं फरक नाही पडत. तुम्ही मला चावी द्या फक्त."

चावी म्हणजे लांबलचक अक्षरांची एक ओळ, जिच्यामुळे बाहेरचं सॉफ्टवेअर आत शिरू शकतं. सुषमानं ती सेटिंगमधून काढली आणि पाठवली. पुसण्याबद्दल तिनं ईमेलसुद्धा केला, चार ओळींचा, साध्या मराठीत. सोहमचं उत्तर आलं, एक अंगठा.

पाइपलाइन सुरू झाली. रोज साडेनऊला लक्ष्मी यायची, अकराला पाइपलाइन तिला उचलून पुण्याच्या कोठारात ठेवायची, संध्याकाळी सुषमा इथून तिला पुसायची. पण तिकडे कोण पुसणार? पाइपलाइनला नवीन आलेलं कळत होतं, गेलेलं कळत नव्हतं. कोठारात लक्ष्मी साठत गेली.

सप्टेंबरअखेरीस चेतननं तिन्ही दुकानांना मेसेज टाकला. दिवाळीआधी एक दुकान बंद करून तिथे गोडाऊन करणार. कोणतं, ते आम्ही नाही, डेटा ठरवणार.

हे वाक्य सुषमाला फार आवडलं. ज्यांना एखाद्याला हाकलायचं असतं पण तोंड दाखवायचं नसतं, त्यांच्यासाठी डेटाइतका सोयीचा माणूस नाही.

पहिला रिपोर्ट आला. अंबरनाथ वर, उल्हासनगर मध्ये, खरवई शेवटी. खरवईसमोर लाल टिकली.

"ताय, आपलं दुकान बंद व्हतंय का गं?" चंद्रीनं विचारलं. ती बारवीकडच्या वाडीतून यायची. मुकादमाच्या हाताखाली माती उचलून झाली होती, लाकडाची मोळी विकून झाली होती. दर महिन्याच्या एक तारखेला पगार देणारं हे पहिलंच दार. "आपुन तर समद्यांत जास्त इकलं."

"जास्त विकलं, चंद्री. मला माहीत आहे."

"मंग त्या मशिनीला नाय का म्हाईत?"

सुषमा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचत गेली. सत्ताविसाव्या पानावर ‘सर्वात निष्ठावान ग्राहक’ असा एक रकाना होता. तिथे नाव होतं लक्ष्मी. तीन महिन्यांत उल्हासनगरात नव्वद देव्हारे, अंबरनाथला नव्वद देव्हारे. खाली एआयची सूचना, या ग्राहकाशी नातं जपा, वाढदिवसाला कूपन पाठवा. दोनशे देव्हाऱ्यांची ऑर्डर कारागिरांना आधीच गेली होती.

तिनं बोटावर हिशेब केला. लक्ष्मी वजा केली की खरवई एकशे एकसष्ट, अंबरनाथ एकशे अठरा, उल्हासनगर सत्याण्णव. सगळ्यात तळाला सेठची गादी.

दुसऱ्या दिवशी ती उल्हासनगरला गेली. सेठनं सिंधी रीतीप्रमाणे भाजलेला पापड आणि पाणी पुढे केलं. चेतन आणि सोहम लॅपटॉप उघडून बसले होते. सुषमानं पापड मोडायच्या आत सांगून टाकलं.

"लक्ष्मी नावाचं गिऱ्हाईक नाही. ती बोहनी आहे. रोज मी टाकते आणि रोज मी पुसते. तुमच्या पाइपलाइनला पुसलेलं कळत नाही. मी जूनमध्येच लिहिलं होतं."

सोहमचा चेहरा उतरला, पण माणूस पळपुटा नव्हता. "एका ओळीचं काम आहे. लक्ष्मी फिल्टर करू. लगेच बरोबर होईल."

"लक्ष्मी को निकालेगा?" सेठ गादीवरून म्हणाला. "दिवाळी के मुंह पे?"

"सेठजी, फक्त डेटामधून."

"डेटा में है तभी तो दुकान में है. मेरे बाप ने रिफ्यूजी कैंप के बराक की एक खोली में ये गादी लगाई, पर बोहनी के बगैर कभी शटर नहीं गिराया. तू पुणे से आके लक्ष्मी डिलीट करेगा?"

सुषमानं चेतनकडे बघितलं. हा तरी एमबीए. चेतननं घसा साफ केला. "सुषमाजी, पॉइंट बरोबर आहे तुमचा. पण रिपोर्ट इन्व्हेस्टर्सना गेलाय. आता एकशे ऐंशी ऑर्डरी काढल्या तर ग्रोथ कुठे राहिली?"

म्हणजे बापाला लक्ष्मी धर्मासाठी हवी होती आणि मुलाला ग्रोथसाठी. दोघांमध्ये पिढ्यांचं अंतर वगैरे काही नव्हतं. अंतर होतं ते फक्त खरवईपर्यंतचं.

"मग लक्ष्मी आमच्याकडे का येत नाही?" सुषमानं विचारलं.

"तू बुलाती नहीं," सेठ पापडाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला. "बुलाएगी तो आएगी. लक्ष्मी किसी को ना नहीं बोलती."

"बोलावू?"

"बुला ना. मेरा क्या जाता है?"

चेतन फोन चाळू लागला. सोहमनं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. सुषमा पाणी प्यायली आणि उठली.

सोमवारी साडेनऊला तिनं खरवईच्या नावावर एक फाइल चढवली. गिऱ्हाईक लक्ष्मी, सागवानी देव्हारा, नव्वद नग, जूनअखेर ते सप्टेंबरअखेर, प्रत्येक तारखेला एकेक. चोरी नाही, लपवाछपवी नाही, मालकानं तिघांदेखत दिलेली परवानगी. अकराला पाइपलाइन आली आणि नव्वदच्या नव्वद उचलून घेऊन गेली. संध्याकाळी सुषमानं त्या ऑर्डरी पुसून टाकल्या, सवयीनं.

आणि मग जे झालं ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिन्ही दुकानांत सारखंच खोटं भरलं, म्हणून तिन्ही दुकानांतला फरक खरा उरला. मंगळवारी रिपोर्ट आला. खरवई पहिली. अंबरनाथ दुसरं. उल्हासनगरसमोर लाल टिकली, आणि खाली एआयनं स्वच्छ भाषेत लिहिलेलं, ही शाखा बंद करून तिचं गोडाऊन करावं. हा रिपोर्टही आपोआप इन्व्हेस्टर्सना गेला होता. चेतननंच तशी सोय करून घेतली होती.

बारा वाजता सेठचा फोन आला. आवाज खाली.

"सुषमा बेटा, खाना हुआ?"

"अजून नाही."

"एक काम कर. कल से इधर दो लक्ष्मी डाल."

"दोन टाकते, सेठ. पण मग अंबरनाथ शेवटी जाईल. त्यांनाही दोन लागतील. मग मी खरवईला तीन टाकीन."

"तू क्यों तीन डालेगी?"

"बोलावलं तर ना नाही म्हणत ती. तुम्हीच सांगितलं."

फोनवर सेठच्या मागे करवतीचा आवाज चालू होता. देव्हारेच बनत असणार.

"और लक्ष्मी सब जगह से निकाल दी तो?" त्यानं विचारलं. "हमारा नंबर कितना?"

"शेवटचाच."

"निकालने के बाद भी?"

"काढा, ठेवा, तुमचा शेवटचाच आहे. आधीपासून होता. चौकोनात एक दिसला की तुम्ही चहा प्यायचात, म्हणून कळलं नाही."

एवढं बोलून तिला वाटलं, आता नोकरी गेली. गेली तर गेली. चार वर्षं या माणसाच्या सकाळी गोड केल्या, एक दुपार कडू केली तर काय बिघडलं?

"वो पाइप किसने जोडा?" सेठनं शेवटी विचारलं.

"सोहमनं. चावी माझी."

"वापस ले ले चावी. ये मशीन धंदा नहीं समझती. चेतन को मैं बोलता हूं. कोई दुकान बंद नहीं होगी, सबको बता दे."

सुषमा सेटिंगमध्ये गेली. चावी रद्द करायला एक बटण होतं, आणि ‘खात्री आहे का’ म्हणून विचारणारं दुसरं. तिनं दोन्ही दाबली.

बुधवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी सोहमचा फोन. "मॅडम, सोर्स डिस्कनेक्टेड दाखवतोय. काही टेक्निकल इश्यू?"

"नाही. घरगुती आहे."

"मॅडम, तुमचा जूनमधला ईमेल मी परवा वाचला. पूर्ण."

"बरं केलंत."

चंद्री दारात उभी राहून ऐकत होती. हातात फडकं. "म्हंजे ऱ्हायलं दुकान?"

"राहिलं."

"आपुन जास्त इकलं म्हून?"

सुषमाला हो म्हणायचं होतं. एवढ्या साध्या प्रश्नाला हो म्हणता येऊ नये याचा तिला संताप आला.

"नाही, चंद्री. सेठनं कमी विकलं म्हणून."

चंद्रीनं त्यावर विचार केला. तेवढ्यात सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमधलं एक जोडपं आत आलं आणि पलंगाच्या कडेला हात लावून बघू लागलं. चंद्री फडकं खांद्यावर टाकून त्यांच्याकडे निघाली.

"बसून बगा, वयनी," ती म्हणाली. "हात लावून पलंग कळत नाय."