पारडगावची रक्ताळणारी कवटी

पारडगावच्या ग्रामपंचायतीपुढे दोनशे माणसं दाटून उभी होती. मधोमध पाटावर एक कवटी, आणि कवटीमागे मांडी ठोकून बसलेले अस्थिनाथ महाराज. कपाळभर हळदीचा मळवट, समोर पाण्याचे दोन तांबे.

"हड्डी कभी झूठ नहीं बोलती, बच्चा! कोलूला कोणी खाल्लं, ते हीच सांगेल!"

कोलू म्हणजे गावातला तिशीचा मजूर. आठ दिवसांपूर्वी तापाने गेला. घरोघरी ताप होता आणि घरोघरी महाराजांचा अंगारा होता.

सरपंच वामनराव एकेक नाव पुकारत होते. महाराज कवटीवर पाणी शिंपडत होते. कवटी नुसती भिजत होती.

"बुधरी," वामनराव म्हणाले.

पाणी पडलं आणि कवटीच्या कपाळावरून लालभडक ओघळ उतरला.

"हेच थे! हेच चेटकीन!" गर्दी ओरडली. बुधरी सत्तरीची, एकटी राहणारी गोंड बाई. रानातून मोहफुलं आणून विकायची. चौघांनी तिला दंडाला धरून पुढे ओढलं.

गर्दीमागे थांबलेल्या जीपमधून मघापासून हे पाहणारी रश्मी आता खाली उतरली. माजरीच्या खाणकामगाराची ही मुलगी जुन्या हाडांवर संशोधन करायची. चार महिन्यांपूर्वी रस्ता रुंद करताना इथे एका खड्ड्यात बरेच सांगाडे सापडले, तेव्हा तिने डीएनए तपासणीसाठी त्यांचे दात नेले होते. जाताना शाळेत सांगितलं होतं, "या दातांत जुन्या रोगाच्या खुणा सापडतात." पावसाळ्यात ताप आला, महाराज आले, आणि तिच्या त्या एका वाक्यावर आणि खड्ड्यातली म्हणून आणलेल्या एका कवटीवर त्यांचं दुकान उभं राहिलं. आज ती तपासणीचा निकाल सांगायला आली होती.

"आली!" महाराज गरजले. "मुडद्यांचे दात उपटणारी आली! डीएनए म्हणजे काय, बच्चा? देव नाराज आत्मा! हिने रोग जागा केला, आणि बुधरीने घरोघर धाडला!"

एक ढेकूळ रश्मीच्या खांद्यावर येऊन फुटलं. ती थांबली नाही. पुढच्या रांगेत अंजनाबाई तापलेल्या नऊ वर्षांच्या लेकीला, दिव्याला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या हातांवर लाल ठिपके होते, हिरड्यांतून रक्त येत होतं.

"दवाखान्यात नेलं नाही?"

"महाराज नाई म्हनते. सुई टोचली का मुडदे उठतेत."

रश्मीचं डोकं फिरलं. तिने कवटीकडे पाहिलं. खड्ड्यातली सगळी हाडं काळपट मातीच्या रंगाची होती. ही एकटीच पिवळी कशी? आणि बाकीच्या नावांना उजवा तांबा उचलणाऱ्या महाराजांनी बुधरीच्या वेळी डावा का उचलला?

तिने डावा तांबा उचलला.

"हाथ मत लगाना! भस्म हो जाएगी!"

रश्मीने त्यात हात बुडवला आणि ओला पंजा महाराजांच्या कपाळावर सपकन हाणला. मळवट लाल झाला. लाल ओघळ नाकावरून दाढीत शिरला.

"वामनराव, आता करणी महाराजांनी केली म्हणू का?"

दाढीतला ओघळ बघायला गर्दी पुढे सरकली.

"कवटीले हळद चोळली हाय," रश्मी आता आपल्या घरच्या बोलीत बोलू लागली. "एका तांब्यात साधं पानी, दुसऱ्यात चुन्याची निवळी. हळदीवर चुना पडला का लाल होते. खोटं वाटते? खर्र्या-तंबाखूचा चुना तुमच्या खिशात हाय. करून पाहा!"

वामनरावांनी डबी काढली. कोणीतरी घरातून चिमूटभर हळद आणली. त्यांनी तळहातावर चोळली आणि लाल झालेल्या पंजाकडे पाहतच राहिले.

महाराज उठून पळायला गेले, तर बायकांनीच त्यांचं धोतर धरलं. पोलीस येईपर्यंत त्यांचं काय झालं ते रश्मीने पाहिलं नाही. दिव्याला जीपमध्ये घालून ती केव्हाच चंद्रपूरच्या रस्त्याला लागली होती. डेंग्यू निघाला. पोरगी वाचली, पण डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. कोलूला तो दिवस मिळालाच नव्हता.

दहा दिवसांनी रश्मी परत आली आणि राहिलेलं सांगितलं. "खड्ड्यातली माणसं सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगनं मेली. इंग्रजांच्या राज्यात थो रोग जहाजातून मुंबईच्या बंदरात आला, आनं रेल्वेनं आत पसरला. वीस दात तपासले, तिनात त्याच्या खुणा भेटल्या. मेलेल्या जंतूचे तुटके तुकडे हायेत थे, कोनाले ताप नाई आनू शकत. तुमचा ताप मच्छरानं आनला, आनं मच्छर तुमच्या उघड्या ड्रमात वाढून राह्यलेत. तवाही कोन्या बुधरीले ओढलं असंन का, थे मात्र दातात लिहून नसते."

वामनराव बुधरीसमोर हात जोडून उभे राहिले. "माय, चुकलं आमचं."

"माफी राहू द्या," बुधरी म्हणाली. तिच्या दंडावरचे वळ अजून निळे होते. "मले मारलं असतं, त ताप गेला असता का? थेवढं सांगा."



"हेच आधी विचाराचं होतं," रश्मी गर्दीकडे वळून म्हणाली. "कोनी चमत्कार दाखवला का त्याचा तांबा तपासा. ताप आला का रक्त तपासा. आनं कोनी मानसाकडं बोट दाखवलं, त दाखवनाऱ्याले पुरावा मागा. हात उचलाच्या आधी मागा."