खांब हलला तेव्हा

पाकौ वांग इमारतींचे लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या आमच्या युनियनच्या हॉलमध्ये शिकाऊ म्हणून भरती व्हायला आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. सेंट पॉल शहरातल्या एका शाळेत नऊ वर्षं मुलांना जेवण वाढत होती. चढायच्या परीक्षेत लोखंडी खांबावरून ती अर्ध्यातनं घसरली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि टोकाला हात लावून उतरली.

मी डेल नॉर्थबर्ड. माझा बाप, काका, सगळे लोखंडावरच चढले. दुसऱ्या वर्षी तिला माझ्या हाताखाली दिलं.

"वाऱ्यानं उडशील गं," मी म्हटलं.

"तुळई धरून बसेन. ती तुमच्याहून जड आहे ना?"

फेब्रुवारीतली सकाळ. चौदावा मजला. खाली मिसिसिपी गोठून पांढरी पडलेली. क्रेननं तुळई आणली. एका खांबावर मी, समोरच्यावर ती, दोघंही पट्ट्यानं बांधलेले. माझ्याकडचे बोल्ट बसले. तिच्याकडं तुळईची आणि खांबाची भोकं बोटभर चुकत होती.

"थांब, मी येतो!"

"नका येऊ."

तिनं क्रेनवाल्याला हातानं खूण केली, तुळई किंचित उचलून घेतली, पान्याचा टोकदार दांडा भोकात खुपसला आणि अंग टाकून रेटला. खांब हलला. भोकासमोर भोक आलं, बोल्ट आत गेला.

ती तशीच बसून राहिली. रेडिओवर क्रेनवाला ओरडला, "काय गं, अडकलं का?"

तिनं हातमोजा काढून त्या गार लोखंडावर तळवा ठेवला.

"डेल, हा हलला. एवढा मोठा खांब... माझ्या हातानं!"

सव्वीस वर्षं मी खांब हलवतोय. पण त्या दिवशी मी खाली बघितलं, नदीकडे, शहराकडे, पहिल्यांदाच बघावं तसं.

गेल्या वसंतात तिचं शिकाऊपण संपलं आणि तिला युनियनचं पुऱ्या कारागिराचं कार्ड मिळालं. कार्ड द्यायच्या समारंभाला तिच्या घरची एकवीस माणसं आली होती. लेक इमारतींच्या कामावर आहे एवढंच तिच्या आईला माहीत. म्हातारीला वाटायचं, भिंती रंगवत असेल.

पडद्यावर फोटो आला: आभाळात आडवी तुळई, तिच्यावर उभी पाकौ.

हॉल टाळ्यांनी दणाणला. म्हातारी मात्र उठली, गर्दीतून वाट काढत पडद्यापाशी गेली आणि लेकीच्या पायाखाली काय आहे ते बोटानं चाचपत कितीतरी वेळ उभी राहिली.