काच सरकली तेव्हा

मित्रांनो, डिचोलीत कुत्र्यांच्या दवाखान्यात खिडकीजवळ जो जुना सूक्ष्मदर्शक दिसतो, तो मी. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. गोवा राज्य झाले त्या वर्षी मी इथे आलो. कुत्र्यांचे प्रजनन आणि त्यातले आजार शिकायला येणारे तरुण डॉक्टर माझ्यातून पाहून तयार होत. पुढे दमट हवेने माझ्या भिंगाला बुरशी धरली आणि माझ्यावरचा विश्वास उडाला. काही वावगे दिसले की दोष माझाच ठरे.

एका सकाळी हरमलचे शांताराम आपला अल्सेशियन बादशा घेऊन आले. वाळपईच्या एका कुत्रीशी त्याची जोडी ठरली होती आणि तो निरोगी असल्याचा दाखला हवा होता. शिकवणारे डॉक्टर सगुण त्यांच्या ओळखीचे. त्यांनी दाखला लिहायलाही घेतला. पण पेडण्याहून शिकायला येणाऱ्या गौरवीला संशय आला. बादशा सारखे आपले जननेंद्रिय चाटत होता. तो नुकताच औषधी पाण्याने धुतलेला होता, तरी फरशीवर रक्ताचा थेंब पडला.

"काटो लागलो त्याका," शांताराम म्हणाले. "दुसरां काय ना."

बादशा चाटत होता तिथला स्राव गौरवीने काचेवर घेतला, रंगवला आणि माझ्याखाली ठेवला. गोल पेशी, प्रत्येकीत पारदर्शक बुडबुडे. जोडी लागताना एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या गाठीच्या त्या पेशी होत्या. सगुण सरांनी पाहिले आणि ही भिंगाची बुरशी आहे, असे सांगून टाकले. मला फार वाईट वाटले.

"सर, काच सरकवून बघूया," गौरवी म्हणाली. "बुरशी असेल तर जागची हलणार नाही."

काच सरकली. बुरशीचे डाग तिथेच राहिले. बुडबुडे पेशींबरोबर पुढे गेले. सरांनी दाखला फाडला.

मग शांतारामांनी खाली मान घालून सांगितले. रक्त येते हे महिनाभर त्यांना ठाऊक होते, आणि त्याच महिन्यात चोपड्याच्या गंगाबाईंच्या कुत्रीशीही बादशाची जोडी लावली होती. गौरवी त्याच दुपारी त्यांना घेऊन चोपड्याला गेली. कुत्रीची गाठ अजून लहान होती. बादशाला आणि तिला दर आठवड्याला इंजेक्शन दिले. सहाव्या आठवड्याला दोघांच्याही काचेवर ती पेशी उरली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर संशय जरूर घ्या, पण तो पडताळून पाहा. आमची भिंगे पुसा, आम्हाला कोरडे ठेवा. मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्या वतीने कोणी घाईने बोलू लागला, तर आधी त्या जनावराला तपासा.