नारंगी, पण टिकणारा

तिनं कागदाच्या पट्टीवर परफ्यूमचा एकदाच फवारा मारला, पट्टी हवेत हलवली आणि काउंटरपलीकडच्या बाईपुढे धरली.

"हा लिंबाचा. आधी जरा लांबूनच."

बाईनं पट्टी थेट नाकाला लावली. उन्हातून चालत आल्यानं तिचा चेहरा लालबुंद झाला होता. वरच्या ओठावरचा घाम दुकानातल्या गारव्यातही वाळला नव्हता.

"छान आहे, पण मला नारंगी हवाय. संत्र्याची साल नखानं सोलली की येतो ना, तसा. आणि ताई, टिकणारा हवा. या उकाड्यात काहीही लावा, दाराबाहेर पाऊल टाकलं की गायब."

"आंबट वासांचं तसंच असतं, मॅडम. सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात आधी निघून जातात."

"म्हणजे आमच्याकडच्या पाहुण्यांपेक्षा बरे," बाई म्हणाली आणि स्वतःच हसली.

तीही हसली. गिऱ्हाईक मोकळं होतं. अशा माणसांना काय सांगायचं हे तिचं ठरलेलं होतं: मनगटावर लावून घ्या, बाहेर उन्हात एक चक्कर मारून या आणि मग ठरवा. शेजारच्या लिपस्टिकच्या काउंटरवरची मुलगी, जिला सगळे लाली म्हणत, त्यावरून तिला चिडवायची. तू माल विकतेस की गिऱ्हाइकं हाकलतेस गं, म्हणायची. पण उन्हातून फिरून परत आलेलं गिऱ्हाईक पुन्हा कधी तक्रार घेऊन येत नसे.

"रोज लावणार का? ऑफिसला जाताना?"

"छे, ऑफिस कुठलं. घरीच. आमची खारू आलीय ना सुट्टीला."

बाटलीला टोपण लावता लावता तिचा हात थांबला.

खारू हे नाव लेकीला तिनं स्वतः ठेवलं होतं. मुलगी बसायला लागली तेव्हा बिस्किट दोन्ही हातांत धरून खारीसारखं कुरतडायची, म्हणून. शाळेत, शेजारीपाजारी ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते घरातल्या दोघांचंच नाव होतं, आणि त्या दोघांचं घर आता एक राहिलं नव्हतं. सुट्टी लागल्यावर कोर्टानं ठरवून दिल्याप्रमाणे तिनं खारूला बसस्टॉपवर तिच्या बाबाच्या हाती दिलं होतं. त्याची नवी बायको तेव्हा बरोबर आली नव्हती.

तिनं बाईकडे नीट पाहिलं. रुंद चेहरा, साधा कुडता, वर बांधलेले केस. त्या केसांत जांभळी क्लिप होती. एका टोकाचा रंग उडालेली. ती क्लिप तिनं स्वतः खारूच्या बॅगेत भरली होती.

बाईच्या चेहऱ्यावर मात्र ओळखीचं काही दिसेना. आपली पहिली बायको कुठे नोकरी करते हे त्यानं हिला सांगितलं नसणार. त्याला पहिल्यापासून अर्धंच सांगायची सवय. आणि एप्रनवर दुकानाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं.

आमची म्हणे. घास चावताना दाताखाली खडा यावा तसा तो शब्द लागला.

मागच्या फळीवर नारंगी वासाच्या दोन बाटल्या होत्या. एक बुटकी, तपकिरी. ती स्वतः वापरायची ती. पट्टीवर तो वास आधी मंदच वाटायचा, मग हळूहळू उलगडायचा आणि रात्री कपडे बदलतानाही बाहीला असायचा. दुसरी बाटली उंच, दिसायला देखणी. तिचा वास उडी मारून नाकात शिरायचा आणि कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंतही साथ द्यायचा नाही.

तिनं उंच बाटली काढली.

बाईनं हुंगलं आणि डोळे मिटले. "अगंबाई, हाच की."

"बांधून देऊ?"

"द्या."

शेजारून लालीनं मान लांब केली. "आज उन्हात नाही पाठवलंस कुणाला?"

"मॅडमना घाई आहे."

"नाही हो, मला कसली घाई," बाई म्हणाली. काउंटरवर कोपरं टेकून ती खोक्याला कागद चढताना बघत राहिली. "खरं सांगू का, मला हे असलं काही लावायची सवयच नाही. सगळं त्या पोरीसाठी. दिवसभर नुसती नाचते. माझ्याकडून वेण्या घालून घेते, माझी चप्पल घालून फिरते."

कागदाची घडी चुकली. तिनं ती उलगडून परत घातली.

"आणि रात्र झाली की संपलं. माझ्याजवळ सरकते, हुंगते आणि पाठ फिरवते. आईच्या अंगाला संत्र्याचा वास येतो म्हणते. तुम्हाला आहेत मुलं?"

"एक आहे."

"मग कळेल तुम्हाला. हे म्हणतात, होईल सवय. मला नाही बघवत हो. तिच्यादेखत लावला तर लबाडी लगेच कळेल, म्हणून संध्याकाळी अंघोळ झाली की लावून ठेवीन. पण नंतर गॅसजवळचा घाम आहेच. झोपेपर्यंत टिकेल ना हा?"

चिकटपट्टी लावून झाली होती.

पाठ फिरवते हे ऐकल्याबरोबर तिच्या आत काहीतरी गार, गोड पसरलं होतं. ते तिनं लगेच थांबवलंही नाही, पुरतं पसरू दिलं. मग त्या फिरवलेल्या पाठीपलीकडचा चेहरा तिला दिसला. झोप येत नसली की खारू चादरीची शिवण अंगठ्यानं घासत राहते. आवाज करत नाही, कुणाला हाक मारत नाही. नुसती घासत राहते.

तिनं नखानं चिकटपट्टी उचकटली.

"हा नको."

"का हो? आवडलाय मला."

"तुमच्या घरापर्यंतसुद्धा पोचायचा नाही हा."

"मग मघाशी..."

"चुकलं माझं."

तिनं तपकिरी बाटली खाली काढली आणि नवी पट्टी पुढे केली. बाईनं नाक मुरडलं.

"हा जरा मातट वाटतो."

"वाटू दे. आत एका मुळाचा अर्क आहे, तोच संत्र्याला धरून ठेवतो. थोडं थांबा."

दोघी थांबल्या. लालीच्या काउंटरवर कुणीतरी आरसा मागत होतं. बाईनं पट्टी पुन्हा नाकाशी नेली, या वेळी सावकाश.

"हो," ती म्हणाली. एवढंच.

"अंगाला लावू नका, घामाबरोबर जाईल. कापडावर जास्त टिकतो." तिनं स्वतःचा हात दुमडून दाखवला. "इथं लावा, कोपराच्या आतल्या बाजूला, बाहीवर. तिथेच नाक खुपसते ती."

बाईनं मान डोलावली. डोलावता डोलावता ती मधेच थांबली. तिची नजर त्या दुमडलेल्या कोपरावर होती. तिथून ती वर चेहऱ्याकडे आली आणि पुन्हा खाली गेली. तिनं पर्स एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

नवा खोका बांधून तिनं पिशवीत ठेवला.

"ती विचारणार," बाई अखेर म्हणाली. आवाज खाली आला होता. "हा वास कुठून आणला म्हणून. तिला काय सांगू?"

ती पिशवीचे दोन्ही बंद एका पातळीत आणत होती. ते एकदा जुळले, तरी तिनं ते पुन्हा जुळवले.

"सांगा, आईकडून उसना आणलाय," ती म्हणाली. "सुट्टीपुरता."