लालासाहेबांचा हात

“आवं, पत्ते कुटायला फेटा कशाला?”

उंब्रजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली होती आणि आमचे हे, लालासाहेब, गाडीच्या काचेत बघून फेटा सारखा करत होते.

“पत्ते न्हाईत गं, स्पर्धा हाय. जिंकलो तर फोटूत बोडकं डोकं नको.”

साठी उलटलेला माणूस! कराडच्या एका कॉलेजच्या गेटवर रखवालदार म्हणून लागले आणि तिथल्या पोरांनी हे खूळ डोक्यात भरवलं. पाकिटं विकत घ्यायची, आत ड्रॅगन, राक्षस, चेटकिणी निघतात, ते पत्ते जमवून गठ्ठा बांधायचा. जिंकायचे मार्ग दोन. पत्त्यांनी हल्ले करून समोरच्याचे प्राण, म्हणजे गुण, संपवायचे, नाहीतर त्याचा गठ्ठा संपेपर्यंत तग धरायचा. ओढायला पत्ता उरला नाही की तो हरला. ह्यांनी दुसरा मार्ग धरला. भिंती, किल्ले, खंदक असले पत्ते साठवले आणि बसले.

कुस्तीतही ह्यांचं असंच. अंगानं हे एवढे धिप्पाड, पण उभ्या आयुष्यात एक कुस्ती मारली नाही. हरलेही नाहीत हो! समोरचा दमेपर्यंत नुसते खांबासारखे उभे. लोक शिट्ट्या मारायचे, मग पंच बरोबरीत सोडवायचे. हे हात पुढं करायचे, समोरचा हातात हात द्यायचा, संपलं. मरायच्या आत एकदा तरी जिंकायचं, एवढीच हौस उरली होती. बोलत नव्हते, पण मला कळत होतं. म्हणून तर मी दुखरे गुडघे धरत गाडीत चढले.

सांगलीच्या हॉलमध्ये सगळी नातवंडांच्या वयाची पोरं. ह्यांच्यासमोर बसून एकेकाचा जीव मेटाकुटीला आला. कुणाचा गठ्ठा संपला, कुणी वैतागून उठूनच गेला. एकजण तर म्हणाला, “काका, मारा तरी, न्हाईतर मरा तरी!” हे आपले मिशीत हसत होते.

फायनलला समोर आली मिरजेची मदिहा, बीएस्सीला शिकणारी एवढीशी पोरगी. तिनं ड्रॅगन आणले, भिंती पाडल्या. ह्यांनी परत बांधल्या. तिनं परत पाडल्या. शेवटी तिचा गठ्ठा संपला. आता ह्यांनी फक्त “तुझी पाळी” म्हणायचं, ती ओढायला जाणार, पत्ता नाही, हे जिंकले! दमलेल्या पोरीनं कपाळाला हात लावून सुस्कारा टाकला.

आणि ह्यांनी हात पुढं केला.

आखाड्यातली सवय! समोरचा दमला, कुस्ती अडली, की हात आपोआप पुढं जातो. पोरीनंही रीत म्हणून हातात हात दिला.

पंच म्हणून बसलेला वीरधवल चपापला. “काका, मधेच हात पुढं केला म्हणजे हार मान्य. आपल्या खेळात तसा नियम आहे.”

गेटवर खेळताना असला नियम कुणी सांगितला नव्हता.

“आवं!” मी किंचाळलेच. “अक्कल काय फेट्यात गुंडाळून ठेवली?”

मदिहा ताडकन उठली. “सर, हे चालणार न्हाई. आजोबांना ठाऊक नव्हतं. माझी पाळी द्या, मी हरते.”

वीरधवलही विरघळला. “काका, चुकून झालं एवढंच म्हणा. पुढं खेळू.”

सगळा हॉल ह्यांच्याकडं बघत होता. मी डोळे वटारले. म्हणा की! एकदा म्हणा!

ह्यांनी फेटा सारखा केला.

“हात दिला तो दिला. दिलेला हात माघारी घ्यायला कुठल्या वस्तादानं शिकवलं न्हाई मला. पोरी, तू जिंकलीस.”

मला असा संताप आला, आणि त्या संतापातच डोळे भरून आले. काय करावं ह्या माणसाला!

वीरधवलनं मदिहाचं नाव पुकारलं. फोटोसाठी हे उभे राहिले, तशी ती टेबलाला वळसा घालून ह्यांच्या शेजारी आली आणि ह्यांचं मनगट धरून वर उचलायला लागली, जिंकलेल्या पैलवानाचा उचलतात तसं. पण तिच्यानं हात काही ह्यांच्या खांद्याच्या वर जाईना. पोरं खिदळली. तिनं चपला काढल्या, सरळ खुर्चीवर चढली आणि ह्यांचा हात उंच धरला.

“आता काढा फोटो.”

हे लाजून हात खाली ओढत होते, ती सोडत नव्हती, आणि ह्या ओढाताणीत पोरगी पडायची म्हणून मी खुर्ची दोन्ही हातांनी गच्च धरून उभी राहिले.