खिळ्यावरचे कप

"मग वाडीवरून आलेल्यांनी काय ओंजळीत प्यायची कॉफी?" किटली ओट्यावर आपटत उबाल्दिनाने विचारलं.

नगराध्यक्ष नोरेलियांच्या हातात नव्या नियमाचा कागद होता. सोमवारपासून नगरपालिकेत प्लास्टिकचे कप बंद. कर्मचाऱ्यांनी आपापला कप घरून आणायचा, आणि भेटायला येणाऱ्यांची कॉफी बंद.

"दोन्या उबाल्दिना, रोज दोनशे कप कचऱ्यात जातात. नाल्यात किती अडकलेत ते तुम्हीही बघताच की."

"मी नुसती बघत नाही, दोक्तोरा. मी उचलते."

एकतीस वर्षं ती या कचेरीत कॉफी करत होती; गाव तिला मानाने 'दोन्या' म्हणायचं, जसं शिकलेल्या नगराध्यक्षबाईंना 'दोक्तोरा'. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं पहाटेची जीप पकडून खाली यायची आणि एका सहीसाठी ओसरीतल्या बाकावर दुपारपर्यंत बसायची. सही मिळो न मिळो, गुळाच्या पाण्यात उकळलेली तिची काळी कॉफी मात्र हातात यायचीच. त्या बाकावरून कोणी कोरड्या घशाने उठलं नाही, याचा तिला भारी अभिमान होता. आणि का नसावा?

एक गोष्ट मात्र तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती. आज सांगितली.

"पूर्वी इथे इनॅमलचे कप होते. धुऊन धुऊन माझे हात फुटले, रक्त यायचं. बारा वर्षांपूर्वी मीच तेव्हाच्या नगराध्यक्षांच्या मागे लागून प्लास्टिक आणवलं. जुने कप वाटून टाकले. आता ते प्लास्टिक बाहेर काढायचं तर तेही मीच काढीन. पण बाकावरची कॉफी बंद नाही होणार."

नोरेलियांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "आणि धुणार कोण? पुन्हा हेच हात?"

"सोमवारपर्यंत थांबा."

रविवारी बाजार. चौकात जीपा लागल्या तशी उबाल्दिना टोपली घेऊन एकेकीपाशी उभी राहिली. प्रत्येक वाडीने चार कप द्यायचे, जो पिईल त्यानेच धुवायचा, एवढंच तिचं मागणं.

"दोन्या, लग्नबिग्न ठरलंय का? आहेर गोळा करताय!" एक ड्रायव्हर ओरडला.

"ठरलं असतं तर तुला बोलावलं नसतं. कप काढ!"

म्हाताऱ्या एव्हेलियोने तर तिचाच जुना इनॅमलचा कप आणून दिला. तिने तो उजेडात धरला. "अहो, याच्या बुडाला भोक आहे!"

"असणारच. बारा वर्षं जिरेनियम होतं त्यात. पाणी कुठून जाणार?"

ती पोट धरून हसली. तिने वाटलेल्या बहुतेक कपांची गावाने अशीच कुंडी केली होती. हा कप तिने परत दिला आणि म्हाताऱ्याकडून दुसरा वसूल केला.

सोमवारी ओसरीच्या भिंतीवर खिळ्यांच्या अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीवर खडूने वाडीचं नाव, खाली चार कप, एकासारखा एक नाही. लोक यायचे, आपल्या वाडीचा कप काढायचे, प्यायचे, अंगणातल्या टाकीवर विसळायचे आणि परत टांगायचे. चौघांपेक्षा जास्त आले तर शेजारच्या वाडीचा मागून घ्यायचे, आणि त्यावरून थट्टाही चालायची.

दहा वाजता नोरेलिया बाहेर आल्या. हात रिकामे. नियम करणारी बाई स्वतःचाच कप घरी विसरली होती.

"दोक्तोरा," उबाल्दिनाने विचारलं, "वाडी कुठली तुमची?"

"एल सिलेन्सियो. माझी आई तिथली. याच बाकावर बसायची."

"ठाऊक आहे. साखर लागायची तिला वरून." उबाल्दिनाने एल सिलेन्सियोच्या ओळीतला टवका उडालेला कप काढला आणि भरून दिला.

नोरेलिया बाकावर एव्हेलियोशेजारी बसल्या. त्याने लगेच आपल्या जमिनीचा कागद पुढे केला. त्यांनी तो कॉफी संपेपर्यंत नीट वाचला. मग उठल्या, बाह्या वर सारल्या आणि टाकीकडे निघाल्या.

"राहू द्या, आणा इकडे," हे उबाल्दिनाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

ओला कप खिळ्यावर गेला. उबाल्दिनाने सवयीने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.