खमैसच्या मिशा आणि गच्चीवरच्या मिरच्या

नाबुल गावात चोराला माफी आहे, हरीसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, डबाबंद विकत आणणाऱ्याला नाही. लाल मिरची घरी वाळवावी, घरीच वाटावी. ज्याच्या भिंतीवर मिरच्यांची माळ नाही, त्याच्या घरी पाहुणा जेवायला बसताना बिचकतो.

टपालखात्यातून निवृत्त झालेला खमैस गुपचूप डबा आणायचा. ते उघडं पडलं आणि कॅफेत टर उडाली, तेव्हा त्यानं मिशांना पीळ देऊन गर्जना केली, "यंदाची हरीसा माझ्या गच्चीवरच्या मिरच्यांची! नाही झाली, तर ह्या मिशा शाद्लीच्या वस्तऱ्याला दिल्या!"

मिशा साध्या नव्हत्या. चिमटे लावून बायको त्यांच्यावर रुमाल वाळवते, असं गावात म्हणत. शाद्ली न्हाव्यानं त्याच दिवशी वस्तऱ्याला धार लावली.

तेलाच्या रिकाम्या डब्यांत रोपं छान वाढली. मग ऊन तापलं. खमैस दुपारी गच्चीवर गेला, तर सगळ्यांनी माना टाकलेल्या! दुसऱ्या दुपारीही तेच. संध्याकाळी तो कॅफेत धापा टाकत आला.

"पानं कशी लोंबतात?" मुन्सिफ मास्तरांनी विचारलं.

"ओल्या मोज्यांसारखी!"

"कॅल्शियम कमी. अंड्याची टरफलं घाल."

"कसलं कॅल्शियम, मास्तर! नजर लागलीय," मासेवाला मबरूक म्हणाला. "मासळी धुतलेलं खारं पाणी बुडाशी ओत. मासळीपुढं नजर टिकत नाही."

"दोन्ही कर," शाद्ली म्हणाला. "वरून साबणाचं पाणीही मार. आणि घाई नको हं. सावकाश बरी झाली तरी चालेल."

खमैसनं सगळं केलं. पानांच्या कडा जळाल्या, फुलं गळाली, अख्ख्या बंदराचे समुद्रपक्षी गच्चीवर वस्तीला आले. दर संध्याकाळी कॅफेत नवं निदान आणि दर सकाळी डब्यात नवं औषध.

"अहो, एकदा संध्याकाळी वर येऊन बघा," बायको बेया म्हणाली.

"संध्याकाळी मला वेळ कुठाय? त्यांच्याच औषधपाण्याच्या मागे असतो ना मी!"

शेवटी रोपं कुणाच्या औषधानं मेली, यावरून मास्तर आणि मबरूक यांची जुंपली. खुर्च्या उडाल्या, कॅफेवाल्यानं दार लावून घेतलं. खमैस उन्हं उतरताना घरी आला, गच्चीवर गेला. बेया दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिनं चादर ओढली आणि मागं एक रोप दिसलं. ताठ, हिरवंगार, फुलांनी लगडलेलं. दोरीचा खांब हलू नये म्हणून तो डबा तिनं केव्हाच तिथं टेकवला होता; कपड्यांआड असल्यानं त्याला एकही औषध मिळालं नव्हतं.

"ही मिरची बरी कधी झाली?"

"आजारी कधी होती? भर उन्हात मान टाकते, ऊन उतरलं की उठते. तुम्हीही जेवून तसेच पडता. मी काय तुमच्या बुडाशी मासळीचं पाणी ओतते?"

त्यानंतर खमैसनं कॅफेत मिरचीचा 'म'सुद्धा काढला नाही. त्या एका रोपानं हरीसा दिली, ती वाटीभर. ती घेऊन तो कॅफेत गेला.

"वाटी?" शाद्लीनं खिशातला वस्तरा उघडून खुर्ची झटकली. "हरीसा म्हणजे बरणी हवी. बस इथं!"

"आधी चाखा, मग निकाल द्या."

तिघांनी पावाचे तुकडे बुडवले. उन्हात तापून त्या मिरचीनं सगळा राग पोटात साठवला होता. मास्तरांच्या चष्म्यावर धुकं चढलं. मबरूकनं नळाखाली डोकं घातलं. शाद्लीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, वस्तरा हातात असा थरथरू लागला की समोरचं मांजर दोन गल्ल्या पळालं.

"काढ ना मिशा," खमैस मान पुढं करून म्हणाला. "पण आधी त्याच हातानं मास्तरांची दाढी करून दाखव."

मास्तर टेबलाखाली गेले. शाद्लीनं वस्तरा मिटला.

बऱ्याच पाण्यानंतर टेबलाखालून घोगरा आवाज आला, "मला वाटतं, यात शहाजिरं कमी पडलंय."

"कमी नाही, मास्तर, जुनं आहे!" नळाखालून मबरूक ओरडला.

खमैसनं वाटी उचलली आणि उन्हं उतरायच्या आत गच्चीची वाट धरली.